तळ्यावरचे वजनवाले लघाटेकाका

लघाटेकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझं वजन केलं. नुसत्या नजरेनं. सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या दारात उभं राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, खिशातून कागदाचा कपटा काढला, त्यावर काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि तो माझ्या हातात दिला. ऐंशीच्या घरातला किडकिडीत म्हातारा, कडक इस्त्रीची पँट, सदऱ्याची वरपर्यंत लावलेली बटणं, आणि हे काय वागणं! मी घड्या उघडल्या. आत पौंडात एक आकडा होता. त्याच दिवशी सकाळी बाथरूममधल्या काट्यावर जो बघून मी डोळे मिटून घेतले होते, तोच. एका पौंडाचाही फरक नाही.

"तुमच्यापुरतं आहे," ते म्हणाले. "आकडा तोंडानं बोलायचा नसतो. हां, आता बॅगा दाखवा."

अमेरिकेत येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच नागपूरला निघालो होतो. काका म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या टीममधल्या सुधीर लघाट्याचे वडील. आमच्या ओळखीतलं कुणीही इंडियाला निघालं की आदल्या शनिवारी लघाटेकाकांना बोलवायचं, हे तेव्हा ठरूनच गेलेलं होतं. मला ते माहीत नव्हतं. मिलिंदनं परस्पर बोलावलं होतं, कारण गेले चार दिवस मी बॅगेवर बसत होते आणि तो चेन ओढत होता.

काका येताना एक घडीचं स्टूल आणि एक स्प्रिंगचा काटा घेऊन यायचे. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सगळं बाहेर काढा." मी काढलं. शाम्पू, लोशन, व्हिटॅमिनच्या बरण्या, चॉकलेटची पोती म्हणावीत अशी पाकिटं, टॉर्च, परफ्यूम. मग एकेक वस्तू हातात धरून ते विचारायला लागले, "हे कुणासाठी?"

"आत्यासाठी."

"हे?"

"धाकट्या जावेसाठी."

"हे?"

"ते... कुणाला तरी होईल की, काका."

ती वस्तू डावीकडे. नाव लगेच तोंडात आलं तर उजवीकडे, जरा अडखळलं तर डावीकडे. "नाव आलं नाही म्हणजे ते माणूसच नाही. जे माणूसच नाही त्याच्यासाठी सामान कशाला वाहून न्यायचं?" असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला, मी रुसले, एकदा तर खोटं नावही सांगितलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि ती बाटली डावीकडे ठेवली. डावीकडच्या ढिगातल्या बाटल्या संपवायला मला पुढे दीड वर्ष लागलं. बॅगा मात्र प्रत्येकी बरोब्बर सत्तर पौंड भरल्या. जड सामान चाकांकडे, हलकं हँडलकडे. विमानतळावरच्या काउंटरवर माझ्यापुढचं कुटुंब जमिनीवर बसून लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडे करत होतं, आणि मी राणीसारखी उभी होते.

माणूस तसा मुलखाचा हेकट. सुधीरच्या मिनीव्हॅनमध्ये कुठे कोण बसायचं, हे तेच ठरवायचे. ट्यूलिप बघायला निघालो होतो तेव्हा मिलिंदला त्यांनी मागे डावीकडे बसवलं, मला उजवीकडे, इडल्यांचं पातेलं मधोमध. नात वैतागून म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ मिनीव्हॅन!"

"असू दे ना बेटा. तिचंही पोट एका बाजूला दुखायला नको."

मधे कुठेतरी थांबलो आणि माणसं भलत्याच जागी बसली की त्यांचा चेहरा उतरायचा. काकू मग मोठ्यानं हसायच्या. काकू म्हणजे सगळं उलट: गोऱ्या, गोल, ऐसपैस, घरभर आवाज. "माझं लग्न ठरवताना यांनी पत्रिका नाही बघितली, काटा बघितला असेल," असं त्या दर वेळी म्हणायच्या आणि काका दर वेळी लाजायचे.

हे वेड आलं कुठून, ते त्यांनी मला आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी, कारण सलग सांगायची त्यांना सवय नव्हती. ते ग्वाल्हेरचे. विशीत असताना गावाजवळच्या तळ्यावर नोकरीला लागले. त्या काळी, महायुद्धाच्या सुमारास, इंग्लंडहून निघालेलं विमान रोज थोडं उडत, रोज कुठेतरी मुक्काम करत, आठवडा-दीड आठवड्यानं ऑस्ट्रेलियाला पोचायचं. वाटेत धावपट्ट्या कुठून असणार? म्हणून ते पाण्यावरच उतरायचं. पोट होडीसारखं, वर पंख. कराची, मग राजपुतान्यातलं एक तळं, मग ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून... ही नावं काका ज्या क्रमानं म्हणायचे तो क्रम त्यांनी कधी चुकवला नाही. आपल्या तळ्यावर तासाभरासाठी थांबणारं हे धूड पुढे समुद्रामागून समुद्र ओलांडणार आहे, याची त्यांना शेवटपर्यंत अपूर्वाई वाटायची. सिएटलला मुलाकडे येताना बाकीचे म्हातारे थंडीची चौकशी करतात. काकांनी चौकशी केली ती, महासागर ओलांडणाऱ्या सगळ्यात मोठ्या फ्लाइंग बोटी त्या गावात नेमक्या कुठे बांधल्या, याची.

तळ्यावर त्यांचं काम वजनाचं. माणसं, सामान, टपालाच्या थैल्या, सगळं तोलायचं आणि कोण कुठे बसेल याचा तक्ता करून कप्तानाला द्यायचा. उन्हाळ्यात हवा तापली की विमान कमी उचलतं, मग एकेक पौंडासाठी मारामारी. साहेब लोक निमूट काट्यावर उभे राहायचे. एकदा मात्र कुठल्याशा संस्थानच्या बाईसाहेब आल्या आणि परक्या पुरुषासमोर काट्यावर चढायला त्यांनी साफ नकार दिला. अर्धा तास विमान खोळंबलं. शेवटी काकांनी काट्यावर खुर्ची ठेवली, खुर्चीभोवती चारी बाजूंनी पडदा उभा केला, बाईसाहेब आत जाऊन बसल्या, यांनी बाहेरून आकडा टिपला. नंतर खुर्ची आणि पडदा वेगळे तोलून वजा केले. आकडा चिठ्ठीवर लिहिला, चार घड्या घातल्या आणि कप्तानाच्या हातात दिला. तेव्हापासून त्यांनी कुणाचाही आकडा तोंडानं उच्चारला नाही.

"पण लिहिताना एक पौंड इकडे नाही की तिकडे नाही," ते म्हणाले. "साहेबानं डोळे वटारले तरी नाही. चिठ्ठीत खोटं लिहिलं तर माणसं पाण्यात जातात."

"आणि तुम्ही कधी बसलात त्यात?"

"मी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी कसा बसणार? मी काठावर."

शेकडो माणसांना त्यांनी जागेवर बसवून दिलं होतं. पाणी सोडून वर जाताना आतून कसं वाटतं, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. ते पुढे आयुष्यभर सरकारी गोदामात नोकरी करत राहिले. मुलानं तिकीट काढलं तेव्हा अमेरिकेलाही विमानानं आले. पण धावपट्टीवरून उडण्याला ते उडणं म्हणायलाच तयार नव्हते. पाण्यावरून एकदा उडायचं, एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली. तीही मी खोदून विचारली म्हणून.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. नागपूरहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. बाबांना हार्ट अटॅक आला होता, आयसीयूत होते. संध्याकाळच्या विमानात एकच सीट मिळाली. मी घरी येऊन कपाटासमोर नुसती उभी होते. मिलिंदनं काकांना फोन केला असावा, कारण थोड्या वेळानं ते आले. या वेळी स्टूल नाही, काटा नाही. मी मोठी बॅग ओढायला लागले तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि परत कपाटात टाकली.

"ही नाही. ही पट्ट्यावरून यायची वाट बघत तुम्ही उभ्या राहणार का?"

त्यांनी माझी ऑफिसची पाठीवरची पिशवी रिकामी केली आणि स्वतः भरली. मी बघतसुद्धा नव्हते. वर एक निळा सलवार-कमीज ठेवलेला तेवढा दिसला. "हा दवाखान्यात घाला. बाबांना बरं वाटेल," म्हणाले. दारातून निघताना माझी पिशवी हातात धरून त्यांनी नुसती तोलली आणि मान हलवली.

वाटेत पहिलं विमान उशिरा पोचलं. पुढचं पकडायला वीस मिनिटं होती. माझ्यासारख्याच घाईत असलेल्या दोघांना सामान ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करायला थांबावं लागलं. मी पळत सुटले आणि दार बंद होता होता आत शिरले. पुढचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. नागपूरला पोचले, निळा ड्रेस घालून बाबांसमोर गेले. त्यांनी ओळखलं. "आलीस? जय भीम," म्हणाले, आणि नर्सला सांगितलं, माझी पोरगी अमेरिकेत सॉफ्टवेअर तपासते, चुका काढण्यात तिचा हात कुणी धरत नाही. दोन दिवस आम्ही बोललो. इतकं आम्ही मागच्या दहा वर्षांत बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले.

कपडे बदलायला म्हणून पिशवीत हात घातला तर अगदी तळाशी, एका उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, माझा पांढरा ड्रेस होता. बुद्ध जयंतीला मी तो घातलेला काकांनी पाहिला होता. तो ठेवताना ते मला काही बोलले नाहीत, मीही परत आल्यावर त्यांच्याशी त्याबद्दल बोलले नाही. पण बाबांबरोबरचे ते दोन दिवस मला लघाटेकाकांनी दिले, हे मी जन्मात विसरणार नाही. माझ्या आयुष्यात इतकं नेमकं दुसऱ्या कुणी मला काही दिलेलं नाही.

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी काकूंच्या डोळ्यांचं निघालं. एक डोळा आधीच गेल्यात जमा होता, दुसराही हळूहळू जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं. सुधीर म्हणाला, इथेच राहा. काकूंनी ऐकलं नाही. "ग्वाल्हेरच्या घरात मला चहाचा डबा कुठे ते अंधारातही सापडतं. इथे मी दिवसाही शोधते." सप्टेंबरची तिकिटं निघाली.

मी तेव्हा आमच्या शेजारच्या वॉल्टकडे गेले. वॉल्ट रिटायर्ड माणूस, उत्तरेकडच्या एका तळ्यावर त्याचं जुनं विमान होतं. चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे तरंडे लावलेलं नव्हे, खरोखर पोटावर पाण्यात बसणारं, काकांच्या विमानाचं नातवंड शोभेल असं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, शनिवारी आणा, तीन माणसं मावतील, फक्त प्रत्येकाचं वजन आधी कळवा.

काका चार रात्री झोपले नाहीत, असं काकू म्हणाल्या. त्यांना स्वतः बसायचं होतंच, पण त्याहून जास्त काकूंना बसवायचं होतं. पन्नास-पंचावन्न वर्षं जे ती नुसतं ऐकत आली ते डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर तिनं बघावं, बस. वजनाची चिठ्ठी अर्थातच त्यांनी लिहिली. चार घड्या घालून माझ्याकडे दिली, मी न उघडता वॉल्टला दिली.

शनिवारी तळं अगदी निवांत होतं. पाण्यावर एक सुरकुती नाही. मला वाटलं, किती छान दिवस मिळाला. वॉल्टचं तोंड मात्र वाकडं झालं. काका पुढे त्याच्याशेजारी, मी आणि काकू मागे. इंजिनांचा कान फाटेल असा आवाज, खिडकीवर पाण्याचे फवारे, आम्ही धावतोय, धावतोय, तळं संपत आलं आणि विमान काही पाणी सोडेना. वॉल्टनं वळवून आणलं. पुन्हा तेच. मग धक्क्याला लावून तो चिठ्ठी काढून बघत बसला.

"कागदावर तर जमायला हवं," तो म्हणाला. "पाणी चिकटून बसलंय हे खरं, पण तरी उठायला हवं होतं."

मग लघाटेकाकांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"चिठ्ठी चुकीची आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "एक आकडा मी खोटा लिहिला. मुद्दाम."

"अहो!" काकू मागून ओरडल्या. "काय हे, लोकांसमोर! मी सांगितलं होतं ना तुम्हाला, खरं लिहाल तर मी येणारच नाही म्हणून!"

"म्हणून तर खोटं लिहिलं."

त्यांनी खिशातून कपटा काढला, खरा आकडा लिहिला, घडी घालून वॉल्टला दिला. मी तो नंतर पाहिला, पण इथे लिहिणार नाही. वॉल्टनं वाचला, शीळ घातली आणि म्हणाला, कुणीतरी एकानं उतरावं लागेल. मी पट्टा सोडायला लागले. "मी उतरते, काका. तुम्ही दोघं जा. हे तुमच्यासाठी आहे."

"तुम्ही बसा. हिच्या शेजारी कुणीतरी पाहिजे, काय दिसतंय ते सांगायला." ते दार उघडून उतरलेसुद्धा. मग वाकून वॉल्टला म्हणाले, "मी उतरून निम्मंच काम झालं. पाणी मोडायला पाहिजे. पुढे होडी चालवायला कोण आहे तुमच्याकडे?"

वॉल्ट म्हणाला, कुणीच नाही, एरवी त्याची बायको चालवते, ती आज गावाला गेलीय. मला काही समजेना. तेव्हा काकांनी घाईघाईत सांगितलं: पाणी असं सपाट असलं की पोटाला घट्ट धरून ठेवतं. पुढून मोटरबोट नागमोडी पळवली की लाटा उठतात, खालून हवा शिरते आणि विमान सुटतं. ग्वाल्हेरच्या तळ्यावर लाँचवाला तापानं पडला की हे काम तेच करायचे.

"काका, तुम्ही चौऱ्याऐंशी वर्षांचे आहात."

"होडीला काय माहीत?"

मी हट्ट केला. कशाला आजच, वारा येईपर्यंत थांबू, पुढच्या शनिवारी येऊ. ते एकदम गंभीर झाले. "वंदनाबाई, चूक वजनवाल्यानं केली. आणि हिचे डोळे शनिवार मोजत नाहीत." आमच्याकडे वळून त्यांनी काकूंचा पट्टा तपासला, जरा आवळला. काकूंचा राग गेला नव्हता, पण काकांचा हात त्यांनी क्षणभर धरून ठेवला. मग वॉल्टनं काकांना लाइफ जॅकेट चढवलं. त्यात ते जवळजवळ दिसेनासे झाले.

पुढचं आधीच सांगून टाकते. आम्ही परत उतरलो तेव्हा तळ्यावर जोराचा वारा सुटला होता आणि दुसरी फेरी करायला वॉल्टनं नकार दिला. काकांनी पाण्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." पुढच्या शनिवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या शनिवारी ते ग्वाल्हेरात होते. सहा-सात महिन्यांनी काकूंचं पत्र आलं, शेजारच्या मुलीला सांगून लिहिलेलं. त्यात होतं, 'रोज संध्याकाळी हे मला विचारतात, पाणी सुटलं तेव्हा पायाखाली कसं वाटलं, आणि मी रोज सांगते. परवा म्हणाले, आता मला बसल्यासारखंच झालंय.' पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सुधीरचा फोन आला. काका झोपेत गेले होते.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले होते, नमस्कार केला होता, पण ते दृश्य माझ्या मनात राहिलेलं नाही. मला ते त्या होडीत दिसतात. होडी आमच्या पुढे डावी-उजवीकडे वळत, मागे पांढऱ्या लाटा टाकत पळत होती. खालून धक्के बसायला लागले, एक, दोन, मग एकदम सगळा खडखडाट थांबला. "सुटलं!" काकू ओरडल्या. त्यांना माझ्या आधी कळलं. मी खिडकीला नाक लावलं. होडी बाजूला होऊन आपल्याच लाटांवर डुलत थांबली होती आणि आम्ही तिच्यावरून वर चाललो होतो.

"दिसतायत का ते?" काकूंनी माझं मनगट धरलं. "मला नुसतं चकाकतंय. हात हलवतायत का?"

हो म्हणावं असं माझ्या मनात आलं. पण त्या दिवशी खोटं पुरे झालं होतं.

"नाही, काकू. उभे राहिलेत, आणि घड्याळ बघतायत. आता कागदावर काहीतरी लिहितायत."

"निघाल्याची वेळ," काकू म्हणाल्या. "ती लिहिली की त्यांचं काम झालं. आता निवांत बसतील." आणि तेव्हा कुठे त्या सीटला पाठ टेकून बसल्या.